आठ मात्रा

भिंगार, अहमदनगर
१३ जून १९७१

चि. राधाकृष्ण,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून तो लिहिला असं समज. अडीच वर्षांनी पत्र पाठवतोय ते फक्त पत्ता बदलला म्हणून. ३१ मार्चला मी जामखेडच्या पोस्टातून निवृत्त झालो. आता भिंगारला दोन खोल्या घेतल्या आहेत. पत्ता मागे लिहिला आहे. मुलाला आईवडिलांचा पत्ता ठाऊक असावा, इतकाच हेतू.

तो तुला आधीच ठाऊक असणार, हेही मी जाणून आहे. तुझी आई तुला पत्रं लिहिते आणि तुझी उत्तरं शेजारच्या साळूबाईंच्या नावानं येतात. चौतीस वर्षं टपाल हाताळलेल्या माणसापासून ही गोष्ट लपेल असं तुम्हा मायलेकांना वाटलं, याची मात्र गंमत वाटते. साळूबाईंना अक्षरओळख नाही आणि मुंबईत त्यांचं कोणी नाही. मी काही बोललेलो नाही. तूही आईला सांगू नकोस. तिला त्यात मजा येते.

तू तिथल्या हॉटेलात गिटार वाजवतोस हेही कानावर आहे. आनंद आहे.

इथली जागा चांगली आहे, पाणी सकाळी एक तास येतं. फक्त एक त्रास. आमच्या मागच्या घरात दर रविवारी चारला गिटार सुरू होते. एक नव्हे, दोन! तू गेल्यापासून या वाद्याचं नाव मी घरात काढू दिलं नाही, आणि आता ते भिंतीपलीकडून माझ्या चहात येऊन पडतं. येत्या रविवारी जाऊन सांगणार आहे, की बाबांनो, सभ्य वस्ती आहे ही.

जामखेडच्या त्या दत्तजयंतीबद्दल मला काही लिहायचं नाही. तूही लिहू नयेस.

विष्णु गोविंद पारनेरकर
(निवृत्त सबपोस्टमास्तर)


११ जुलै १९७१

चि. राधाकृष्ण,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. साळूबाईंना मात्र गेल्या आठवड्यात मुंबईहून जाडजूड पाकीट आलं.

मागच्या घरी जाऊन आलो. जाऊन आलो म्हणजे चार रविवार जातोय. लगेच हसू नकोस, सांगतो.

पहिल्या रविवारी तावातावानं गेलो. दार उघडंच होतं. आत साठीचा एक काळासावळा माणूस आणि पंचविशीची एक मुलगी समोरासमोर दोन स्टुलांवर बसून वाजवत होती. मला बघून कोणी थांबलं नाही. त्यानं नुसती मान हलवून खुर्ची दाखवली. मधेच बोलणं बरं दिसेना, म्हणून बसलो. ते संपल्यावर बोलू म्हटलं, तर ते संपेना. संपलं तेव्हा मुलीनं चहा आणून ठेवला होता. चहा घेतलेल्या घरात भांडता येत नाही.

त्याचं नाव आसाराम गायकवाड. मूळचा काष्टीकडचा, ख्रिस्ती. महायुद्धात पलटणीच्या बँडमध्ये होता, तिथं एका गोऱ्या शिपायाकडून हे शिकला. मुलगी लीना, इथं दवाखान्यात नर्स आहे. बापानं लेकीला शिकवलं, आता दर रविवारी चर्चहून आली की दोघं बसतात. कोणासाठी वाजवत नाहीत. मुलगी मला काका म्हणते. तो मला मास्तर म्हणतो, आणि मी कशासाठी आलो होतो ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं असं मला वाटतं.

ही जुनी अमेरिकन गाणी म्हणे, तिकडच्या नाटक-सिनेमांतली. प्रत्येक वाजवणाऱ्याला पाठ असतात. आधी गाणं सरळ वाजवायचं. मग एकानं ते मनातून आठवत नवीनच काहीतरी वाजवत जायचं आणि दुसऱ्यानं खाली सुरांच्या जोडण्या देत राहायच्या. थोड्या वेळानं अदलाबदल. लेक जोडण्या धरते, बाप निघतो. अदलाबदल करताना कोणी कोणाला खूण करत नाही. मी चार रविवार नीट बघितलं. डोळासुद्धा हलत नाही. मग कळतं कसं? तुला ठाऊक असेल तर कळव. माहितीसाठी विचारतोय.

बापलेक एकत्र वाजवतात हे तुझ्या आईला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

वि. गो. पारनेरकर


१९ सप्टेंबर १९७१

चि. राधाकृष्ण,

माझं मलाच सापडलं, तुझ्यावाचून अडलं नाही.

हे लोक मोजतात! आपल्यासारखंच मोजतात, फक्त बोटांवर दिसू देत नाहीत. चार मात्रांचं एक घर. अशी आठ घरं, तीच आठ पुन्हा, मग वेगळी आठ, मग परत पहिली आठ. म्हणजे अस्थायी दोनदा, अंतरा एकदा आणि फिरून अस्थायी. एकशेअठ्ठावीस मात्रांचं एक आवर्तन. ते संपलं की दुसऱ्याची पाळी. खूण करायची गरजच नाही, गाणंच दोघांच्या आत चालू असतं. हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. चाळीस वर्षं तबला वाजवला, आणि भिंतीपलीकडं इतका मोठा ताल चालू होता तो मला गोंगाट वाटत होता.

आता एक फजिती. कळल्याच्या भरात मी पुढच्या रविवारी टाळी धरली. पहिल्या मात्रेवर, दणक्यात. दोघं वाजवत राहिली, पण लीनाचे खांदे हलू लागले. शेवटी हसू अनावर होऊन ती थांबली. "काका, टाळी दुसरीवर आणि चौथीवर." मी म्हटलं, सम सोडून टाळी? मग समेचं काय? तर आसाराम म्हणाला, "सम सगळ्यास्नी ठावं हाय मास्तर. ती कशाला ठोकून दाखवायची?"

आठवडाभर स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोन आणि चार, दोन आणि चार असा सराव केला. हात पुन्हा पुन्हा एकवर जातो. तुझी आई म्हणाली, अहो, पोळ्या लाटताना माझाही हात चुकतोय, बाहेर जा.

त्यांचं एक गाणं आहे, ते मी मागून घेतो. कोणी माणूस रस्त्यानं जाताना आपल्या जुन्या घराच्या खिडकीतला दिवा बघतो, असे काहीतरी शब्द आहेत. आज लीना त्यात निघाली ती भलतीकडेच. चाराच्या घरात तीन-तीनचे तुकडे टाकत सुटली. मी मोजत होतो, माझं मोजणं मोडलं. वाटलं, गेली पोर, आता आपटणार. आसारामकडं बघितलं, तर तो मान खाली घालून आपल्या जोडण्या देतोय, संथ, बैल पाणी पितो तसा. आणि ती आली की रे! अगदी पहिल्या मात्रेवर, जणू तिथंच बसून होती. मी मोठ्यानं "वाहवा" म्हणालो. ते त्यांना आवडतं, हे विशेष.

नंतर ती चहा करायला गेली तेव्हा मी आसारामला विचारलं, ती चुकली असती तर? तो म्हणाला, "चुकंना का. म्हून मी काय उठून जातो व्हय? मी हाय तितंच हाय. तिला ठावं हाय मी कुटं हाय ते, म्हून तर ती लांब जाती."

इथं थांबतो. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय.

अण्णा


१२ डिसेंबर १९७१

चि. राधाकृष्ण,

लढाई सुरू झाल्यापासून इथं खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. छावणी जवळ असल्यानं रस्त्यानं दिवसभर लष्करी गाड्या. तुम्ही मुंबईला कसे आहात? तुझ्या आईला साळूबाईंमार्फत का होईना, चार ओळी लवकर लिही. ती रेडिओपासून हलत नाही.

लीनाला पुण्याला जखमी जवानांच्या सेवेसाठी बोलावलं. गेल्या मंगळवारी गेली. आज रविवार. आसाराम आज काही वाजवणार नाही असं वाटलं होतं, तरी चारला गेलो. तो वाजवत होता. एकटाच, समोर रिकामं स्टूल. खिडकीतल्या दिव्याचं तेच गाणं. पहिल्यांदा सरळ वाजवलं. मग लीनाची पाळी आली, आणि त्यानं तिच्यासाठी जोडण्या द्यायला सुरुवात केली. पूर्ण एकशेअठ्ठावीस मात्रा. वर कोणी नाही, खाली सगळं जागच्या जागी. ते संपलं, मग त्यानं आपली पाळी वाजवली. मग पुन्हा तिची रिकामी.

त्या रिकाम्या जागेत मला दुसरंच ऐकू यायला लागलं. तुझी पेटी.

तुला सगळं आठवत असेल, तरी लिहितो. मला ते कागदावर बघायचं आहे. जामखेडच्या देवळात दत्तजयंतीचं भजन. मी तबल्यावर, तू पेटीवर. आठ मात्रांचा साधा भजनी ठेका. बुवांनी दोन कडव्यांमध्ये दम घेतला आणि पेटीला जागा मिळाली. तू चाल सोडून निघालास. तीन-तीनच्या पायऱ्या चढत गेलास. एक आवर्तन झालं, तू आला नाहीस. दुसरं झालं, सम आली, आणि तू कुठल्या तरी पायरीच्या मधोमध होतास. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी ठेका थांबवला. तबल्यावरून हात उचलला आणि सगळ्या गावासमोर म्हणालो, "ऊठ. ज्याला परत येता येत नाही त्यानं जाऊ नये."

तू उठलास. सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलास.

तीन वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझा मुलगा भर भजनात बेताल झाला. आज आसारामकडं बसून मला वाटलं, बेताल कोण झालं? भजनात ठेका कोणी सोडला? ठेका धरणारा मी होतो. चाळीस वर्षांत मी तो एकदाच सोडला आणि तोही तुझ्याखाली. तू चुकला असशील, नसशील. पण मी उठून गेलो, राधू.

रडलो वगैरे नाही. चहा मात्र तसाच टाकून आलो.

अण्णा


३० जानेवारी १९७२

चि. राधू,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या नावानं आलेलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, साळूबाईंचं नाही ना? आईला दाखवलं तर ती म्हणाली, अक्षर कोणाचं हो हे, ओळखीचं नाही वाटत. इतकी बेमालूम थाप मी आयुष्यात ऐकली नाही.

एकच ओळ लिहिलीस: "अण्णा, किती मात्रा राहिल्या होत्या?"

आधी राग आला. तीन वर्षांनी कार्ड लिहितो आणि बापाची परीक्षा घेतो! दोन दिवस कार्ड कोनाड्यात ठेवलं. मग तबल्याची गवसणी काढली. नगरला आल्यापासून पहिल्यांदाच. ठेका धरला आणि तू वाजवलेलं तोंडानं म्हणत गेलो. ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. विसरलो असतो तर इतका राग राहिला असता का?

तीन-तीनचे तुकडे, आठाच्या आवर्तनात. आठ तुकडे झाले की चोवीस. तीन आवर्तनं झाली की चोवीस. दोन्ही बाजूंनी चोवीसच. तू हरवला नव्हतास. बरोबर समेवर येणार होतास. सोळा मात्रा झाल्या होत्या आणि मी हात उचलला.

आठ राहिल्या होत्या. एक आवर्तन. मी एक आवर्तन थांबायला हवं होतं.

हे तुला तेव्हाच माहीत होतं. तोंडातून अवाक्षर न काढता उठलास. मी तुझ्या जागी असतो तर सगळ्या गावाला मोजून दाखवलं असतं. मला माफ कर, राधू. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले आहेत, तेव्हा ते नीट वाच.

आता कामाचं. ५ मार्चला, रविवारी संध्याकाळी पाचला, इथल्या चर्चच्या हॉलमध्ये आसाराम आणि लीना वाजवणार होते. पहिल्यांदाच लोकांसमोर. लीनाला पुण्यातच ठेवून घेतलंय, सुटी नाही. आसाराम म्हणतो, "ऱ्हाऊ द्या मास्तर, येकट्यानं काय वाजवायचं," आणि गिटार पेटीत घालून ठेवतो. गेले दोन रविवार त्यानं ती काढलेली नाही. मी जातो, आम्ही दोघं नुसते बसून येतो.

मी त्याला सांगून टाकलंय की माझा मुलगा वाजवतो. तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं. त्यानं विचारलं, कसा वाजवतो? मी म्हटलं, लांब जातो. तो हसला. म्हणाला, "मंग यिऊ द्या की."

येशील का? तुझं हॉटेल असेल, रजा मिळत नसेल, मनातही नसेल. तसं असेल तर आईला कळव, मी काही विचारणार नाही.

अण्णा


८ मार्च १९७२

चि. राधू,

तुला एसटीत बसवून तीन दिवस झाले नाहीत आणि पत्र लिहायला बसलो. स्टँडवर आपण काय बोललो? सामान वर ठेव, पाण्याची बाटली घे. समोर असलास की मला काही सुचत नाही. टपालखात्यात आयुष्य गेलं त्याचा परिणाम असेल.

आधी आईचा निरोप. तू दिलेला स्वेटर तिला सैल होतो, पण तो ती उन्हातही घालून बसते. साळूबाई सगळ्यांना सांगत फिरतात की मुंबईहून तुझी पत्रं त्यांनाच यायची.

आसाराम काल म्हणाला, "पोरगं लई मोकळं वाजवतंय, मास्तर. आन् आयकतंय बी." ऐकतं हे त्यानं दोनदा सांगितलं. लीनाला पुण्याला सविस्तर पत्र धाडलंय, पाच पानं. तिचं उत्तर आलं की तिला सुटी कधी ते कळेल. तुम्ही दोघांनी वाजवावं आणि आपण खुर्च्यांवर बसावं, असं तो म्हणतो. मला चालेल.

आता जे स्टँडवर बोलायचं राहिलं ते.

हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो होतो, ते तुला दिसलं होतं. शेवटचं गाणं दिव्याचं. तू सरळ वाजवलंस, आसाराम निघाला, मग तू. अदलाबदल झाली ती मला आधी कळली, शेजारी बसलेल्या पाद्र्यांना नंतर. टाळी मी दुसरीवर आणि चौथीवर देत होतो, अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच बरोबर. मग शेवट आला. आसारामनं शेवटची दोन घरं धरली आणि तीच फिरवायला लागला. दोन घरं, आठ मात्रा. पुन्हा आठ. पुन्हा आठ. मी खुर्चीत पुढं सरकलो, कारण तो आपला ठेकाच होता, जामखेडचा. तुम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं की काय, मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

तू तीन-तीननं चढायला लागलास.

माझा हात टाळी सोडून गुडघ्यावर आला आणि ठेका धरून बसला. आठ. सोळा. जामखेडला इथंच सोडलं होतं. हात उचलला नाही. सतरा, अठरा, वीस, चोवीस. आता सम.

आणि तू आला नाहीस!

पंचविसाव्या मात्रेवर पोचलास, तिथं टेकला नाहीस, सरळ पुढच्या पायरीवर पाय टाकलास. आणि मान वर करून माझ्याकडं बघितलंस. माझ्या तोंडाकडं नाही, गुडघ्याकडं. मला तिथल्या तिथं कळलं, की हे तू मुद्दाम करतो आहेस. पाद्री म्हणाले, "चुकला का हो?" मी म्हटलं, "गप्प बसा." चर्चमध्ये पाद्र्याला गप्प बसवलं, पुढं काय होईल ते होवो.

हात चालू होता. बत्तीस. चाळीस. आसाराम मान खाली घालून देतोय, मी गुडघ्यावर देतोय, आणि तू कुठं होतास कुणास ठाऊक, पण आम्ही कुठं आहोत ते तुला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस. आणि मग आलास. असा आलास, की मी "वाहवा" म्हणायलाही विसरलो. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझा हात तसाच चालू होता. तुझ्या आईनं तो धरून थांबवला.

गुडघा अजून दुखतो. आई तेल लावते आणि हसते.

गणित करून ठेवलंय. तीन-तीननं गेलास तर पुढची गाठ बहात्तर मात्रा झाल्या की समेवर पडते. पुढच्या खेपेला तेवढ्या घे, त्याच्याही पुढं जा. मी आहे तिथंच आहे.

तुझा,
अण्णा